स्मिथसोनियन फोकवेजमधली इंटर्नशिप: प्रत्यक्ष काम काय, अर्ज कसा, तयारी कशी?

दुपारचा_सारंग यांचा प्रश्न:

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचं फोकवेज नावाचं ना-नफा रेकॉर्ड लेबल आहे. तिथे इंटर्न घेतात एवढं ठाऊक आहे, पण जाहिरातीच्या दोन परिच्छेदांवरून फारसा अंदाज येत नाही. पार्श्वभूमी थोडक्यात: संगीतशास्त्रात एम.ए.चं दुसरं वर्ष, मुक्काम मुंबई. मराठी, हिंदी, इंग्रजी येतं. ऑडॅसिटी (ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी, एक्सेल कामापुरतं.

विचारायचंय ते असं. तिथे इंटर्नला नेमकं काय करावं लागतं? स्टुडिओत बसायला मिळतं, की पाकिटांवर पत्ते चिकटवायचे? अर्जात काय पाहतात? भारतातून जायचं तर व्हिसा कुठला? आणि हातात सहा-आठ महिने असतील तर इथे बसून काय शिकून ठेवावं? 'मनापासून प्रयत्न करा' छापाचे सल्ले नकोत, कृपया.

रीळमास्तर

आधी एक चित्र पुसून टाका. 'संग्रहालयातलं लेबल' म्हटलं की काचेच्या कपाटांमागे स्टुडिओ असेल असं वाटतं. स्मिथसोनियन ही एक इमारत नाही. २१ संग्रहालयं आणि राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय मिळून ती संस्था होते. फोकवेज यातल्या कुठल्याच संग्रहालयात नाही. ते लोकजीवन आणि सांस्कृतिक वारसा केंद्राचा भाग आहे आणि त्या केंद्राचं कार्यालय मॅरीलँड अव्हेन्यूवरच्या एका साध्या ऑफिस-इमारतीत आहे, लाँफाँ प्लाझा मेट्रो स्टेशनपासून चालत. तिथे दालनं नाहीत, प्रेक्षक नाहीत. टेबलं, संगणक आणि कागदांच्या पेट्या.

काम कशाचं ते कळायला १९८७ चा व्यवहार माहीत असावा लागतो. मोझेस अ‍ॅश यांनी मॅरियन डिस्लर यांच्यासोबत १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये फोकवेज सुरू केलं. १९८६ साली ते वारले तोवर यादीत २,१६८ अल्बम झाले होते. त्यात वुडी गथ्री आणि लेडबेली हे अमेरिकन लोकगायक होते, तसेच बेडकांचे आवाज आणि भाषा शिकवणाऱ्या तबकड्याही होत्या. स्मिथसोनियनने १९८७ साली हे सगळं घेतलं ते एका अटीवर: यातलं एकही शीर्षक अनुपलब्ध होऊ द्यायचं नाही. बाराखडीतलं एखादं अक्षर कमी वापरलं जातं म्हणून कोणी गाळत नाही, असा अ‍ॅश यांचा युक्तिवाद असे.

ही अट ऐकायला गोड आहे, पण निभवायला माणसं लागतात. व्यापारी कंपनी न खपणारा अल्बम यादीतून काढते आणि मोकळी होते. इथे वर्षात चारदोन प्रती जाणाऱ्या अल्बमलाही क्रमांक, बारकोड, पुस्तिकेचा स्कॅन, कलाकाराचा करार, रॉयल्टीचं खातं हे सगळं लागतं, अगदी खपणाऱ्या अल्बमला लागतं तेवढंच. कमी खपाच्या शीर्षकांची सीडी मागणी आल्यावर एकेक करून बनवतात. पुढे कुक, पॅरेडॉन, मॉनिटर, फास्ट फोक, युनेस्कोची पारंपरिक संगीतमाला आणि २०१६ मध्ये आरहूली असे इतरांचे संग्रहही इथेच आले. प्रत्येकाची क्रमांकांची पद्धत वेगळी, नावांची स्पेलिंगं वेगळी, करारांची भाषा तर त्याहून वेगळी. इंटर्नचा बराचसा वेळ या भेगा बुजवण्यात जातो.

साधारण चार प्रकारची कामं असतात. मार्केटिंगमध्ये प्रसिद्धिपत्रकं, समाजमाध्यमांवरचे मजकूर, समीक्षक आणि रेडिओ-निवेदकांच्या याद्या. निर्मितीत पुस्तिकेचं मुद्रितशोधन, श्रेयनामावली जुळवणं, छपाईपूर्व तपासणी. परवाने आणि रॉयल्टी विभागात चित्रपट, मालिका, पाठ्यपुस्तकांकडून आलेल्या मागण्यांची पूर्वतयारी. आणि चौथं म्हणजे दप्तर, राल्फ रिंझलर लोकजीवन अभिलेखागार. अ‍ॅश यांचा पत्रव्यवहार, मुखपृष्ठांची मूळ चित्रं, मूळ टेप हे सारं तिथे आहे. शैक्षणिक साहित्य, म्हणजे शिक्षकांसाठी पाठ तयार करणं, हाही एक भाग असतो. संगीतशास्त्रवाल्यांना तो बरा जमतो, पण का कोण जाणे, तिकडे कमी जण वळतात.

स्टुडिओचं म्हणाल तर ध्वनीच्या जागा थोड्या असतात आणि तिथे यंत्रावर हात बसलेला माणूस हवा असतो. ऑडॅसिटी पुरत नाही. पाकिटांवर पत्ते चिकटवणंही अगदीच नसतं असं नाही. छोट्या ऑफिसात ते सगळ्यांच्याच वाट्याला येतं.

लेबलचा गाडा मुख्यतः विक्री, परवाने आणि देणग्या यांवर चालतो. त्यामुळे 'मला पैशात रस नाही, फक्त संस्कृतीत आहे' हे वाक्य अर्जात लिहू नका. तिथल्या माणसांना महिनाअखेरीस हिशेब जुळवायचा असतो.

कागद_पुढे_करा

अर्जाबद्दल मी लिहितो.

स्मिथसोनियनचे अर्ज 'सोला' नावाच्या ऑनलाइन प्रणालीतून जातात. इंग्रजी आद्याक्षरं एस, ओ, एल, ए, ए. आधी खातं उघडायचं, मग संस्था निवडताना लोकजीवन केंद्र आणि त्यातला फोकवेजचा कार्यक्रम निवडायचा. इथेच पहिली चूक होते. लोक वरच्या सर्वसाधारण नावावर टिचकी मारतात आणि अर्ज भलत्याच खात्यात पडून राहतो. लागतात त्या गोष्टी: बायोडेटा, गुणपत्रिका, एक निबंध, शिफारस. शिफारस तुम्ही जोडायची नसते. शिक्षकांचा ईमेल भरला की त्यांना प्रणालीकडून दुवा जातो आणि ते पत्र स्वतः चढवतात. आपल्याकडे हा ईमेल हमखास स्पॅममध्ये सापडतो, किंवा सर विद्यापीठाचा पत्ता सहा महिन्यांत उघडत नाहीत. म्हणून शेवटच्या तारखेच्या किमान तीन आठवडे आधी नाव भरा, त्याच दिवशी फोन करा, 'ईमेल दिसला का' विचारा. पत्र वेळेत आलं नाही तर अर्ज अपुरा धरला जातो, मग निबंध कितीही चांगला असो.

गुणपत्रिकेसोबत अर्धं पान जोडा: तुमच्या विद्यापीठात श्रेणी कशी देतात, ६० टक्क्यांना काय म्हणतात. वाचणाऱ्याला आपले ६२ टक्के म्हणजे काठावर पास वाटू शकतात.

निबंधाबद्दल. नव्वद टक्के निबंध 'संगीताला सीमा नसतात' इथून सुरू होत असावेत. (हा आकडा माझ्या वैतागातून आलाय, सर्वेक्षणातून नाही.) त्याऐवजी असं करा. फोकवेजच्या संकेतस्थळावर अल्बमांच्या पुस्तिका पीडीएफमध्ये फुकट मिळतात. भारतीय उपखंडातलं संगीत असलेला एखादा जुना अल्बम निवडा. पुस्तिका, गाण्यांची यादी आणि संकेतस्थळावरची नोंद शेजारी शेजारी ठेवा. वाद्याचं नाव, गायकाचं नाव, भाषा, गाव, ध्वनिमुद्रणाचं वर्ष यांत तफावत सापडतेच, कारण चाळीस-पन्नास-साठच्या दशकांत नावं कानाला जशी लागली तशी लिहिली गेली. एक तफावत निबंधात मांडा: काय छापलंय, काय असायला हवं, कशावरून म्हणता, आणि दुरुस्ती करताना जुनं स्पेलिंग का पुसायचं नाही. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. जुनं रूप पर्यायी नाव म्हणून ठेवावं लागतं, नाहीतर ते स्पेलिंग शोधणाऱ्या ग्रंथालयाला अल्बम सापडत नाही. असा एक परिच्छेद पानभर भावनांना भारी पडतो.

सत्रं तीन: उन्हाळा, शरद, वसंत. उन्हाळ्यात गर्दी जास्त, कारण जून-जुलैमध्ये त्याच केंद्राचा लोकजीवन महोत्सव नॅशनल मॉलवर असतो. हा महोत्सव १९६७ पासून चालू आहे. त्या काळात लेबलच्या इंटर्नलाही महोत्सवाच्या कामाला जुंपलं जाऊ शकतं, आणि वॉशिंग्टनचा जुलै म्हणजे आपला मे आहे असं समजून कपडे घ्या. शरद ऋतूत अर्ज कमी आणि लेबलचं निव्वळ काम जास्त, म्हणून मी तोच सुचवेन.

मानधन प्रत्येक जागेचं वेगळं. काही जागांना ठरावीक मानधन, काही फक्त विद्यापीठाच्या क्रेडिटसाठी. जाहिरातीत जे लिहिलंय तेवढंच खरं धरा. मानधन म्हणजे पगार नव्हे, त्यातून आरोग्यविमा आणि घरभाडं आपलं आपण. वॉशिंग्टनमध्ये भाडं हाच सगळ्यात मोठा खर्च. स्मिथसोनियनची तिथली संग्रहालयं मात्र सगळ्यांनाच फुकट आहेत, तेवढाच दिलासा.

व्हिसा. भारतातून थेट जायचं तर सहसा जे-१, म्हणजे विनिमय-कार्यक्रमांचा व्हिसा. क्रम असा: निवड झाली की डीएस-२०१९ हा फॉर्म (जे-१ साठीचं पात्रतापत्र) प्रायोजकाकडून येतो. त्यावरचा क्रमांक वापरून सेव्हिसचं (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी सरकारी प्रणाली) आय-९०१ शुल्क भरायचं, जे-१ साठी ते २२० डॉलर. मग डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, व्हिसा शुल्क, मुलाखत. डीएस-२०१९ हातात येण्याआधी मुलाखतीची तारीख धरायची घाई करू नका. नाव किंवा तारीख जुळली नाही तर पुन्हा सगळं. त्या फॉर्मवरच्या आरंभाच्या तारखेआधी ३० दिवसांहून लवकर देशात शिरता येत नाही आणि संपल्यावर ३० दिवसांत निघावं लागतं.

विमा हा नियमाचा भाग आहे. दर आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलर, वैद्यकीय कारणाने मायदेशी हलवण्यासाठी ५०,०००, मृतदेह परत आणण्यासाठी २५,०००, आणि स्वतः भरायची सुरुवातीची रक्कम दर आजारामागे ५०० डॉलरांपेक्षा जास्त नको. भारतात मिळणाऱ्या पुष्कळ स्वस्त प्रवासविम्यांत पहिला आकडा ५०,०००च असतो. पॉलिसी घेण्याआधी हे चारही आकडे शोधून अधोरेखित करा.

आधीच अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर शिकत असाल तर जे-१ लागत नाही. अभ्यासक्रम चालू असताना सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कामाची परवानगी), नंतर ओपीटी (शिकलेल्या विषयात कामाची परवानगी). सीपीटीसाठी इंटर्नशिप अभ्यासक्रमाशी जोडलेली असावी लागते. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली की त्या पातळीवरची ओपीटी गेली. पदवीनंतरच्या ओपीटीत बिनपगारी इंटर्नशिप आठवड्याला किमान २० तास असेल तरच मुभा असलेले बेकारीचे ९० दिवस मोजायचे थांबतात. पर्यटक व्हिसावर 'नुसतं बसून शिकतो' असं करू नका.

शेवटचं: निवडीनंतर पार्श्वभूमी-तपासणी आणि ओळखपत्र असतं. पासपोर्टवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव यांत वडिलांचं नाव मागेपुढे असेल तर आत्ताच प्रतिज्ञापत्र करून ठेवा. मराठी माणसाचं घोडं इथे नेहमी अडतं.

दुपारचा_सारंग

हे फारच उपयोगी. धन्यवाद दोघांनाही. दोन उपप्रश्न. ध्वनीच्या जागेसाठी 'यंत्रावर हात बसलेला' म्हणजे काय काय यायला हवं? आणि परवाने विभागात इंटर्न नक्की काय करतो? तो विभाग वकिलांचा असेल असं वाटलं होतं.

सोळाचा_ठेका

ध्वनीबद्दल मी लिहितो, रीळमास्तर भर घालतीलच.

पाव इंची टेप समोर आली की यंत्रावर चढवण्याआधी ती ओळखता आली पाहिजे. रीळ दिव्यासमोर धरा. कडेने प्रकाश आरपार दिसला तर अ‍ॅसिटेट, काळी-अपारदर्शक दिसली तर पॉलिएस्टर; ही टेपच्या पट्टीची दोन प्लॅस्टिकं. चाळीशीच्या अखेरीपासून साठीच्या सुरुवातीपर्यंतच्या टेप बहुधा अ‍ॅसिटेटच्या. त्या ताणल्या तर सरळ तुटतात, पण तुकडे नीट जुळतात. पॉलिएस्टर आधी लांबते आणि लांबलेला भाग कायमचा गेला.

वास घ्या. व्हिनेगरचा वास आला तर अ‍ॅसिटेटचं विघटन चालू आहे. ते रीळ इतरांपासून वेगळं काढा, कारण आम्ल शेजारच्या रिळांनाही लागतं. मोजायला ए-डी पट्ट्या मिळतात, निळ्याच्या हिरव्या आणि मग पिवळ्या होतात.

सत्तरीच्या मध्यापासून पुढच्या काही टेप, उदाहरणार्थ अ‍ॅम्पेक्स ४०६ आणि ४५६, चिकट होतात. त्यांतलं पॉलियुरेथेन बंधक (चुंबकी भुकटी पट्टीला धरून ठेवणारा डिंक) ओलावा शोषतं. यंत्रावर किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) तपकिरी राप साचतो. असं झालं की ताबडतोब थांबवायचं. नियंत्रित तापमानाच्या भट्टीत साधारण ५४ अंश सेल्सियसला आठेक तास ठेवून, तितकाच वेळ थंड होऊ देऊन, मग काही आठवड्यांच्या आत नक्कल काढून घ्यायची. स्वयंपाकघरातला ओव्हन नाही. त्याचं तापमान दहा-पंधरा अंशांनी सहज हेलकावे खातं. आणि अ‍ॅसिटेटची टेप कधीही भाजायची नाही. मुलाखतीत हा प्रश्न आला तर एवढं एकच उत्तर चुकवू नका.

मग वेग आणि हेड. पावणेचार, साडेसात, पंधरा इंच प्रति सेकंद. पूर्ण ट्रॅक, अर्धा ट्रॅक, पाव ट्रॅक, म्हणजे टेपच्या रुंदीचा किती भाग एका ध्वनीने व्यापलाय. पूर्ण रुंदीची मोनो टेप पाव ट्रॅकच्या हेडवर वाजवली तर आवाज येतो, म्हणून नवख्याला चूक कळत नाही, पण खरखर वाढलेली असते. उलट दोन्ही बाजूंनी मुद्रण केलेली अर्ध्या ट्रॅकची टेप पूर्ण हेडवर लावली तर मागे कोणीतरी उलटं बोलतंय असं ऐकू येतं. अझिमथ, म्हणजे हेडच्या फटीचा टेपशी असलेला काटकोन, प्रत्येक टेपला नव्याने जुळवावा लागतो. कान उच्च स्वरांवर ठेवा: जिथे 'स' आणि झांज सगळ्यात स्वच्छ, तिथे स्क्रू थांबवा. मोनो टेप असेल तर दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐकली की चूक पटकन कळते.

नक्कल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, ब्रॉडकास्ट वेव्ह (बीडब्ल्यूएफ, नोंदीची माहिती सोबत ठेवणारा ध्वनिफाइलचा प्रकार). या दराने स्टिरिओ फाइल मिनिटाला साधारण ३४.५ मेगाबाइट, तासाला दोन गिगाबाइटच्या आसपास होते. जतनाच्या प्रतीवर कसलीही सफाई करायची नाही. खरखर काढायची, आवाज वाढवायचा तो दुसऱ्या प्रतीवर. पोथीच्या मूळ पानावर कोणी खोडरबर चालवत नाही, तसंच हे. फाइल झाली की चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा) काढून ठेवा आणि शीर्षभागात कुठली टेप, कुठलं यंत्र, कुठली तारीख हे भरा. बीडब्ल्यूएफ मेटाएडिट हे मोफत साधन त्यासाठीच आहे. ते आजच उतरवून घ्या, शिकायला एक दुपार पुरते.

तबकडीचं वेगळं. ७८ च्या तबकडीला साधारण तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई, एलपीला एक मिल किंवा कमी. एलपीची सुई ७८ च्या खोबणीत तळाशी घासत जाते आणि सगळी धूळ ऐकवते. अ‍ॅल्युमिनियमवर लॅकरचा थर असलेली मुद्रणतबकडी दिसली आणि तिच्यावर पांढरी भुकटी असेल तर बोटाने पुसू नका, वरिष्ठांना बोलवा. थर सुटायला लागलेला असू शकतो आणि अशी तबकडी कदाचित एकदाच वाजेल.

रीळमास्तर

सोळाचा_ठेका, एक भर आणि एक मतभेद. भर: जुने जोड. टेपच्या सांध्यांवरचा डिंक वाळलेला असतो आणि जलद गुंडाळताना ते पटापट सुटतात. म्हणून पहिल्यांदा कधीही जलद गुंडाळायची नाही, वाजवण्याच्या वेगानेच शेवटापर्यंत न्यायची. मतभेद: 'बीडब्ल्यूएफ एका दुपारी' हे खरं, पण भरायचं काय हे ठरवायला आठवडा लागतो. आधी कागदावर रकाने आखा.

हक्कसोड_पत्र

दुसऱ्या उपप्रश्नाकडे. करार वकीलच करतात. इंटर्न करतो ती त्याआधीची खोदाई, आणि परवाने विभागाचा वेळ त्यातच जातो.

मूळ गोष्ट: एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क लेबलकडे, रचनेचा हक्क रचनाकाराकडे किंवा त्याच्या प्रकाशकाकडे. अल्बमवर वर्तुळातला पी दिसतो तो मुद्रणाचा. वर्तुळातला सी हा मुखपृष्ठ, पुस्तिका, मजकूर यांचा. माहितीपटवाल्याने फोकवेजकडून होकार आणला तरी त्याचं अर्धंच काम झालेलं असतं. त्याला प्रकाशकही गाठावा लागतो. इंटर्न मागणीच्या ईमेलमधून ठरावीक गोष्टी वेचून तक्त्यात भरतो: कुठलं गाणं, किती सेकंद, कुठल्या माध्यमात, कुठल्या देशांसाठी, किती वर्षांसाठी, दृश्याच्या मागे की शीर्षकावर. यातलं एक जरी सुटलं तरी दर सांगता येत नाही आणि पत्रव्यवहाराची आणखी एक फेरी होते.

मग करार शोधायचा. फोकवेजच्या जुन्या नोंदींत हे चिकाटीचं काम आहे. कलाकार वारलेला, वारस गाव बदलून गेलेले, कधी संशोधकाने मुद्रण केलं आणि गाणाऱ्याचं नावच 'गावातली स्त्री' असं. 'पारंपरिक' या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. चाल पारंपरिक असेल, पण मांडणी कोणाची नोंदलेली असेल, किंवा शब्द गाणाऱ्या बाईने स्वतः जोडलेले असतील. जात्यावरची ओवी ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ओवीत शेवटी नाव कोणाचं येतं ते आपण लहानपणापासून ऐकतो. असे प्रश्न जिथे येतात तिथे तुमचा उपयोग आहे, निबंधात हे लिहा.

पैशाचा अंदाज यावा म्हणून. अमेरिकेत तबकडीवर दुसऱ्याची रचना छापली तर दर प्रतीमागे दर गाण्याला वैधानिक रॉयल्टी द्यावी लागते. पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला ती २०२२ अखेरपर्यंत ९.१ सेंट होती, २०२३ मध्ये १२ सेंट झाली, पुढे दरवर्षी महागाईनुसार वाढते. १५ गाणी, २,००० प्रती धरा: जुन्या दराने २,७३० डॉलर, २०२३ च्या दराने ३,६००. म्हणून कोणतं गाणं खरोखर पारंपरिक आहे हे ठरवणं ना-नफा लेबलसाठी निव्वळ पांडित्य नसतं.

मुदतीबाबत गोंधळ फार. अमेरिकेत १९७२ आधीच्या मुद्रणांना २०१८ च्या संगीत आधुनिकीकरण कायद्याने मुदती बांधून दिल्या. १९४७ ते १९५६ मध्ये तिथे प्रसिद्ध झालेल्या मुद्रणांना ११० वर्षं. म्हणजे फोकवेजची १९५५ ची तबकडी २०६५ अखेरपर्यंत सुरक्षित. भारतीय कायद्यात मुद्रणाची मुदत प्रसिद्धीनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं, आणि शब्द-चालीची रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. 'जुनं आहे, आता मोकळं आहे' हे वाक्य परवाने विभागात उच्चारलं की लोक वळून पाहतात.

आता एक्सेल. प्रश्नात 'कामापुरतं' लिहिलंय, तेच सुधारा. बारकोडचे १२ आकडे असतात. पहिला शून्य असेल तर एक्सेल तो गिळतं आणि वितरकाची प्रणाली फाइल परत पाठवते. रकाना आधीच 'मजकूर' करून ठेवायचा, आकडे चिकटवल्यानंतर करून उपयोग नाही, तोवर शून्य गेलेला असतो. गाण्याची लांबी ३:४५ लिहिली की ती घड्याळातली पावणेचारची वेळ होते. सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन केली नाही तर स्पॅनिश, व्हिएतनामी नावांवरच्या खुणांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आपल्या देवनागरीचं तर विचारूच नका.

आयएसआरसी हा प्रत्येक मुद्रणाचा १२ अक्षरी क्रमांक: देशाची दोन अक्षरं, नोंदणीदाराची तीन, वर्षाचे दोन आकडे, शेवटी पाच आकडी अनुक्रम. तेच मुद्रण दुसऱ्या संकलनात पुन्हा आलं तर क्रमांक तोच राहतो. नवख्यांचा हात इथेच चुकतो. संकलनाला नवे क्रमांक देऊन टाकतात आणि एकाच गाण्याच्या ऐकण्याच्या नोंदी दोन खात्यांत विभागल्या जातात. रॉयल्टी कमी का आली म्हणून कलाकाराचा फोन येतो तेव्हा हे उघडकीला येतं.

सरावासाठी असं करा. घरातली एखादी जुनी कॅसेट किंवा तबकडी घ्या, मराठी असली तर उत्तम. तिचा पूर्ण तक्ता बनवा: शीर्षक देवनागरीत, शीर्षक रोमनमध्ये, पर्यायी स्पेलिंग, गायक, गीतकार, संगीतकार, मांडणी, साथीदार, भाषा, मुद्रणाचं ठिकाण, वर्ष, लांबी, पी आणि सी ओळ. ज्याचा पुरावा नाही तो रकाना रिकामा ठेवा आणि शेजारी 'स्रोत' असा रकाना घ्या. असा वीस गाण्यांचा तक्ता अर्जासोबत जोडता आला तर जोडा. नाही जोडता आला तरी मुलाखतीत बोलायला काहीतरी ठोस असेल.

सांगलीकर_परदेशी

सहा-आठ महिन्यांत इथे काय, याला कोणी हात घातला नाही म्हणून लिहितो.

अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं लोकसंगीतशास्त्राचं अभिलेखागार, एआरसीई या आद्याक्षरांनी ओळखलं जातं, ते गुरुग्रामला आहे. १९८२ साली ते सुरू झालं ते पुण्यात, नंतर दिल्लीकडे गेलं. २००५ साली फोकवेजने 'ग्लोबल साउंड' नावाचा ऑनलाइन उपक्रम काढला तेव्हा या संस्थेशी सहकार्य होतं. संशोधकांनी ठेवायला दिलेली मुद्रणं, प्रत्येकाच्या वेगवेगळ्या अटी, कोणाला ऐकू द्यायचं आणि कोणाला प्रत द्यायची याचे नियम, हे सगळं तिथे पाहायला मिळतं. आठवडाभर अभ्यासक म्हणून जाऊन त्यांची नोंदवही वाचली तरी वर हक्कसोड_पत्र यांनी लिहिलंय त्यातलं निम्मं डोळ्यांसमोर उभं राहील. जाण्याआधी कुठला संग्रह पाहायचाय ते लिहून कळवा. 'सहज आलो' चालत नाही.

मुंबईत असाल तर एनसीपीएचा (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) संगीतसंग्रह आहे. आणि घरबसल्या: गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून उभा केलेला जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प. एक लाखाहून अधिक ओव्या आहेत त्यात आणि 'पारी'च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या गाव, गायिका, विषय यांसकट प्रसिद्ध होत आहेत. एका ओवीच्या नोंदीत किती गोष्टी बांधून ठेवल्यात ते मोजा. नोंद कशी असावी याचा याहून चांगला मराठी नमुना मला तरी माहीत नाही.

घरून करायच्या इंटर्नशिपही स्मिथसोनियनमध्ये असतात. जाहिरातीत तसं लिहिलेलं असलं तरी 'अमेरिकेबाहेर राहून चालेल का' हे अर्जाआधी एका ओळीच्या ईमेलने विचारा. आणि चाललं तर तास आधीच ठरवून घ्या. वॉशिंग्टनची सकाळची दहाची बैठक आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला, नोव्हेंबरनंतर साडेआठला.

दुपारचा_सारंग

कॅसेटचा तक्ता सुरू करतोय. घरात शाहिरांच्या पोवाड्यांची एक कॅसेट आहे, वेष्टनावर वर्षच नाही आणि ढोलकीवाल्याचं नाव नाही. रकाना रिकामा ठेवतो.

हक्कसोड_पत्र

रिकामा ठेवा, पण कॅसेटच्या कवचावर छापलेला क्रमांक आणि वेष्टनावरची किंमत नोंदवा. त्याच कंपनीच्या, वर्ष छापलेल्या दुसऱ्या कॅसेटशी क्रमांक ताडून पाहिला की दोनतीन वर्षांच्या आत अंदाज लागतो. वर्षाच्या रकान्यात मात्र 'अंदाजे' लिहायला विसरू नका, आणि स्रोतात 'क्रमांकावरून'.